तुडतुड्याची नवी प्रजाती जाहीर करताना, माझा अनुभव

तुडतुडे म्हटलं की शेतकऱ्याला कपाशी आठवते, बागायतदाराला आंब्याचा मोहोर. पण सड्यावरच्या गवतात, बांबूत, कारवीत जे तुडतुडे असतात त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही आणि माझं काम नेमकं त्यांच्यावर आहे. जगभरात या कुळातल्या २० हजारांहून जास्त प्रजातींना नावं मिळालीयत, तरी सह्याद्रीत अजून बिननावाचे कितीतरी असणार याची मला खात्री आहे.

आमचा हा सापडला आंबोलीला. वनखात्याची परवानगी हातात घेऊन पावसाळा सरता सरता गेलो होतो, रात्री पांढरा पडदा बांधून दिवा लावला आणि पतंगांच्या गर्दीत हे छोटे पिवळसर तुडतुडे येऊन बसले. मागच्या पायाच्या नडगीवर काट्यांच्या रांगा दिसल्या की तुडतुडा पक्का, पण कुठला ते बाहेरून सांगता येत नाही. रंगावर तर अजिबात विसंबू नये, एकाच प्रजातीत फिका-गडद सगळं असतं. आणि मादी एकटी मिळाली तर बऱ्याचदा काम तिथेच अडतं, नर लागतोच, कारण प्रजाती ओळखायची ती मुख्यतः नराच्या जननेंद्रियांवरून.

नराच्या पोटाचं टोक अलगद सोडवायचं, १० टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) गरम करायचं, आतलं मांस विरघळतं आणि कायटिनचे, म्हणजे कवचाचे कडक भाग तेवढे राहतात. ते धुवून ग्लिसरीनच्या थेंबात घ्यायचे आणि मायक्रोस्कोपखाली बारीक सुईने वळवत बसायचं, इतकं बारीक काम की श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. आमच्या नराच्या एडिगसला, म्हणजे जननेंद्रियाच्या मुख्य भागाला, टोकाशी मागे वळलेले दोन काटे होते. त्या जीनसची, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाची, हाताला लागतील ती सगळी चित्रं काढून बघितली, असे काटे कुठेच नाहीत. त्या दिवशी मला जेवण सुचलं नाही! हे भाग नंतर ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून त्याच नमुन्याच्या पिनेला लावून ठेवतात, ते हरवले तर पुरावाच गेला.

खरा वेळ गेला तो जुन्या प्रजातींशी ताडून बघण्यात. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ डिस्टंटने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या १९०८ आणि १९१८ च्या खंडांत भारतातले ढीगभर तुडतुडे लिहून ठेवलेत, पण वर्णन मुख्यतः रंगाचं आणि डोक्याच्या आकाराचं, नराच्या या भागांबद्दल काही नाही. त्याचे बरेचसे टाइप, म्हणजे ज्यांच्यावरून प्रजातींचं वर्णन केलं ते मूळ नमुने, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, मग तिथून फोटो मागवा, आले की पुन्हा ताडा, शंका आली की परत मेल. कंटाळवाणं आहे पण हे टाळून नवी प्रजाती म्हणायचा अधिकार आपल्याला नाही असं मला ठामपणे वाटतं.

होलोटाइप, म्हणजे नव्या प्रजातीचं नाव ज्याच्याशी बांधलेलं असतं तो एकमेव मूळ नमुना, सरकारमान्य संग्रहातच जमा करावा लागतो, २००२ च्या जैवविविधता कायद्यात तसं आहे, आम्ही झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी संस्थेकडे देतोय. पेपर सध्या रिव्ह्यूमध्ये आहे, एका रिव्ह्यूअरने एडिगसची बाजूची आकृती पुन्हा काढायला लावली आणि ती खरंच आधीपेक्षा स्पष्ट झाली. नाव इथे लिहीत नाही, कारण वर्णन छापून यायच्या आधी नुसतं नाव बाहेर पडलं तर नंतर उगाच घोळ होतो.

एक गोष्ट मात्र राहिलीय, आमचे सगळे नमुने दिव्यावर आलेले, त्यामुळे हा कुठल्या झाडावर जगतो ते अजून कळलेलं नाही. येत्या पावसाळ्यात दिवसाउजेडी जाळी घेऊन त्याची पिल्लं शोधायचीत.