खातो भरपूर, अंगाला लागत नाही

आमचा राजा घरी आला तेव्हा बरगड्या दिसत होत्या त्याच्या. जर्मन शेफर्ड, नर, या जातीतला नर ३० ते ४० किलोचा भरतो आणि हा जेमतेम २१. आधीचे मालक भुसावळचे, बदली झाली, कुत्रा न्यायची सोय नव्हती. त्यांनी काही लपवलं नाही हं, सरळ सांगितलं की दिवसभर खातो पण अंगाला लागत नाही, आणि पातळ, पिवळट, तेलकट शी ढीगभर करतो.

डॉक्टरांनी ऐकूनच ओळखलं. स्वादुपिंड पाचक रस बनवतच नाही, ईपीआय म्हणतात, जर्मन शेफर्डमध्ये जास्त दिसतं. पक्कं करायला टीएलआय नावाची रक्ताची टेस्ट, त्याआधी उपाशी ठेवायचं, तर त्या रात्री याने गल्ली झोपू दिली नाही. आजारच असा, पोटात अन्न गेलं तरी पचत नाही, जीव कायम भुकेला. बी१२ पण कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत.

आता खरं काम म्हणजे पाचक एन्झाइम्सची पावडर, स्वादुपिंड जे बनवत नाही ते बाहेरून द्यायचं. प्रत्येक जेवणात मिसळायची, मऊ भात आणि उकडलेलं चिकन, पण अन्न गार पाहिजे, गरम असलं तर पावडरमधले एन्झाइम्स वाया जातात. मी बोटांनी कालवतो, भाताचं शीत न शीत माखलं पाहिजे. खाऊन झालं की पाणी पाजून ओठ पुसून द्यायचे, पावडर चिकटून राहिली तर तोंडात फोड येतात. ती बनते डुकराच्या स्वादुपिंडापासून, आणि आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही! आईला सांगितलं तर ती म्हणे औषध ते औषध, पण माझ्या फ्रिजमध्ये नको. डब्यावर लिहिलंय २५ डिग्रीच्या खाली ठेवा. जळगावात मे महिन्यात २५ डिग्री कुठे शोधू, तुम्हीच सांगा. आता फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बाटलीशेजारी बसलाय डबा, आईने वरून दोन पिशव्या गुंडाळल्यात. चिकन मात्र मागच्या अंगणात, वेगळ्या शेगडीवर.

अंगावर मांस नव्हतं तेव्हाही ताकद बघण्यासारखी होती. पहाटे पाचला मेहरूण तलावावर नेतो, नंतर ऊन चटका देतं, आणि तिथे तो मला फिरवतो. पहिल्यांदा आमच्या गावी शेतावर नेलं तर काका बघतच राहिले, "हाई कुत्रं शे का वासरू?" आणि लगेच भाकरीचा तुकडा पुढे.

सगळ्यात अवघड तेच आहे. खान्देशात दारात आलेल्याला उपाशी जाऊ देत नाहीत, मग हा तर हडकुळा आणि डोळे असे लावतो की दगडाला पाझर फुटेल. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी माणसाला ताकदीची, पण त्यातला चोथा पावडरला नीट काम करू देत नाही. शेवभाजीचं तेल त्याला पचत नाही, आणि भरीत म्हणजे कांदा लसूण, ते तर कोणत्याच कुत्र्याला देऊ नये. थंडीत शेतावर भरीत पार्टी होती, कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती, मी सगळ्यांना बजावलं आणि तेवढ्यात बाबांच्या मित्राने मागून पुरी टाकली. दुसऱ्या दिवशी अंगण धुवायला मी.

शेवटी गळ्यात पाटी बांधली, 'डॉक्टरांनी बंद केलंय'. डॉक्टरांचं नाव काढलं की लोक हात आवरतात, माझं कोणी ऐकत नव्हतं. आता २८ किलो आहे. पावडर महाग पडते, आयुष्यभर चालणार, त्यामुळे घ्यायचा असा कुत्रा तर महिन्याचा हिशोब आधी करा, आणि घरातल्या मोठ्यांना आधी पावडर कशाची असते ते सांगून टाका. माझ्या मोठ्या आत्याला अजून सांगितलेलं नाही, ती पुढच्या आठवड्यात धुळ्याहून येतेय.