एकेक पुठ्ठा

"थांब की मामा, जरा मागं घेतो," भाचा म्हणाला आणि माझा दुसरा चहा गार झाला.

गोष्ट २०२५ च्या श्रावणातली. ३१ जुलैला 'बॅटलफील्ड ६' या गोळीबाराच्या खेळाचा मल्टिप्लेअर ट्रेलर आला, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायच्या भागाची झलक. खेळ यायला अजून अवकाश होता, १० ऑक्टोबरचा मुहूर्त होता. पण दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्या आल्या आमचे भाचेराव पायातले मोजेसुद्धा न काढता कॉम्प्युटरला चिकटले. ताई-भावजी बार्शीला असतात आणि पोराचं इंजिनीअरिंग इथं सोलापुरात, त्यामुळं तो आमच्याकडंच राहतो. ट्रेलर असेल काही मिनिटांचा. आम्ही पावणेसहाला बसलो आणि सव्वाआठला अजून निम्म्यातच होतो.

कारण तो ट्रेलर बघत नव्हता, वाचत होता. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवायचा आणि कीबोर्डवरचं टिंबाचं बटण दाबायचं, की चित्र एकच घर पुढं सरकतं. स्वल्पविरामाचं दाबलं की एक घर मागं. हे मला त्या दिवशी कळलं. मी चाटी गल्लीतल्या एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहितो. टिंब एक घर चुकलं तर काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, पण त्या टिंबाचा असा उपयोग कधी सुचला नव्हता. सेकंदाला साठ चित्रं धरली तर एका मिनिटाची ३६०० होतात. टक. टक. टक. पोरगं मधेच थांबायचं, नाक पडद्याला लावायचं आणि म्हणायचं, "दिसलं?"

मला धूर दिसायचा.

"धूर नाही रे, धुरामागं बघ. शिडी आहे."

मग मला शिडी दिसायची. शिडी दिसल्याचा आपल्याला एवढा आनंद का व्हावा, हे मला अजून कळलेलं नाही.

हळूहळू मीही शिकलो. खेळात सैनिकांचे चार प्रकार आहेत: असॉल्ट, इंजिनीअर, सपोर्ट, रीकॉन. कुणाच्या हातात काय आहे त्यावरून तो कोण हे ओळखायचं. याच्या आधीचा 'बॅटलफील्ड २०४२' नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, तेव्हा ही जुनी वाटणी मोडून नावागावाचे खास योद्धे आणले होते आणि एका मैदानात १२८ जण सोडले होते. जुन्या गिऱ्हाइकांना ते रुचलं नाही. आता पुन्हा तेच चार प्रकार आणि माणसं ६४. खानावळीनं नवा आचारी ठेवून बघावा आणि गिऱ्हाईक तुटायला लागल्यावर गुपचूप जुन्याला बोलावणं धाडावं, तसाच हा प्रकार. भाचा मात्र एवढ्यावर खूश व्हायला तयार नव्हता. "ट्रेलरमध्ये सगळेच चांगलं दाखवतात," म्हणाला.

एका ठिकाणी एक गडी घण घालून घराची भिंत फोडतो. मी म्हटलं, आपल्या मागच्या खोलीची भिंत पाडायला गवंड्यानं दोन दिवस घेतले, राडारोडा उचलायचे वेगळे. भाच्यानं टिंब दाबलं.

त्याची सगळ्यात मोठी तक्रार पडद्याच्या कोपऱ्यांबद्दल होती. खरं खेळताना कोपऱ्यात बारका नकाशा असतो, उरलेल्या गोळ्यांचा आकडा असतो. इथं कोपरे मोकळे. म्हणजे ही चित्रं खेळाच्याच यंत्रणेतून काढलेली असतील, पण कुणी खेळाडू बसून खेळतोय आणि ते आपण बघतोय असं नाही. कॅमेरा कुठं ठेवायचा, कोण कधी पडणार, सगळं ठरवून बसवलेलं. या बाबतीत पोरं दुधानं तोंड पोळलेली आहेत. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या मेळाव्यात 'किलझोन २' चा ट्रेलर दाखवला होता. बघणारे थक्क झाले, खेळ असा दिसणार म्हणाले. पुढं कळलं की ती आधीच तयार करून ठेवलेली चित्रफीत होती. खेळ आला २००९ मध्ये. तेव्हा भाचा तीन-चार वर्षांचा असेल, पण सांगत असा होता की जणू त्याच्याच खिशातले पैसे गेले.

दुसरा किस्सा मला जास्त आवडला, कारण त्यात धंदा आहे. मे २०१६ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी: इन्फिनिट वॉरफेअर' चा ट्रेलर आला. लोकांना अंतराळातली लढाई नको होती. यूट्यूबवर नापसंतीचे अंगठे पडत गेले ते तीस लाखांच्या वर. त्याच आठवड्यात पहिल्या महायुद्धावरच्या 'बॅटलफील्ड १' चा ट्रेलर आला आणि त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं. आता वर्षाखेरीला अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला खेळ कुठला? ज्याला अंगठे दाखवले तोच. भाच्याला हे कोडं वाटतं. मला नाही वाटत. आमच्या पेढीवर जे गिऱ्हाईक चादरीला सगळ्यात जास्त नावं ठेवतं, काठ ओढून बघतं, उलटीकडून बघतं, रंग जाईल म्हणतं, तेच शेवटी सहा नग बांधून नेतं. "वा, छान आहे" म्हणणारा चहा पिऊन जातो.

खरं तर मी त्याला हसायला नको. आमच्या लहानपणी थिएटरबाहेर काचेच्या कपाटात येणाऱ्या सिनेमाचे दहा-बारा फोटो लावलेले असायचे. तिकिटाला पैसे नसायचे, फोटो बघायला लागत नसत. शाळा सुटली की आम्ही चौघं-पाच जण त्या काचेला नाकं लावून उभे. मारामारीचे किती, गाण्याचे किती, याची आधी मोजदाद. मग गोष्ट जुळवायची. या फोटोत हाताला पट्टी आहे आणि त्या फोटोत नाही, म्हणजे हा आधीचा. आई तीन फोटोंत आहे, म्हणजे मरणार. वॉचमननं हाकललं की समोरच्या पानपट्टीपाशी जाऊन वाद पुढं चालू. पुढं कधी तो सिनेमा बघायला मिळालाच, तर फोटोतला एखादा प्रसंग त्यात नसायचाच. त्याचा राग मला आजही आठवतो, सिनेमे आठवत नाहीत. आमचाही ट्रेलर बारा चित्रांचाच होता, टिंब तेवढं नव्हतं.

आणि गड्डा! सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर मौत का कुआँ लागायचा. बाहेर मचाणावर एक फटफटी रुळांवर चढवून ठेवलेली. स्वार तिच्यावर बसून जागच्या जागी ती पळवायचा, हात सोडायचा, आडवा पडायचा. चाकं गरगर, धूर, कर्ण्यावरून आरोळ्या. आत जे होणार ते सगळं बाहेर दाखवून झालेलं असायचं, फक्त विहीर सोडून. तरी लोक तिकीट काढायचे. मी दोनदा काढलंय.

हे सगळं चाललेलं असताना अप्पा मागं खाटेवर बसून होते. माझे वडील, वय ७९. कार्ड पंचिंग करायचे. नव्या पोरांना हे सांगावं लागतं. सोलापुरी चादरीवर मोर उमटतो तो छापलेला नसतो, विणलेला असतो, आणि कुठला धागा कधी उचलायचा हे मागाला सांगतात भोकं पाडलेले पुठ्ठे. जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ च्या सुमारास ही युक्ती बसवली. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवायची. त्यातली एक आडवी ओळ म्हणजे एक पुठ्ठा. धागा उचलायचा तिथं भोक, नाही तिथं कोरं. असे शेकडो पुठ्ठे दोरीनं एकाला एक बांधून माळ करायची आणि ती मागावर चढवायची. धोटा एकदा गेला की एक पुठ्ठा सरकतो. एक भोक चुकलं तर मोराच्या डोळ्यात फूल पडायचं, आणि ते एकाच चादरीत नाही, त्या माळेवर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत. अप्पा पुठ्ठा खिडकीच्या उजेडाला धरायचे आणि नुसत्या भोकांवरून सांगायचे, "हं, मान झाली, आता पिसारा चालू." पुढं नक्षी कॉम्प्युटरवर आली आणि त्यांचं पंचिंगचं मशीन भंगारात गेलं. त्याचे किती आले हेही त्यांना पाठ आहे.

टक-टक ऐकून ते उठून आले.

"काय करायलास बे एवढा वेळ?"

भाच्यानं समजावलं. एक दाबलं की एक चित्र, अप्पा. असं करत करत सगळं बघायचं.

अप्पांनी चष्मा पुसला. "सरक," म्हणाले. आणि पुढचा पाऊण तास टिंबाचं बटण त्यांच्या ताब्यात होतं. तर्जनी सरळ, मनगट उचललेलं, दाबल्यावर बोट लगेच वर. घाई नाही. भाच्यापेक्षा त्यांचा ठेका एकसारखा पडत होता. मी लहानपणी याच ठेक्यावर झोपायचो.

एका जागी पडलेल्या सैनिकाला दुसरा खांद्याशी धरून फरफटत आडोशाला नेतो. या खेळात ही नवी सोय आहे, गोळ्या चालू असताना जखमीला ओढत नेऊन उठवता येतं. भाचा उत्साहानं सांगायला लागला. अप्पा तिथंच थांबले. मागं घेतलं. पुढं घेतलं. पुन्हा मागं.

"शिलाई भारी आहे," म्हणाले. "एवढा गडी ओढला तरी पट्टा उसवला नाही."

भाचा हसून लोळला. मग गप्प झाला आणि स्वतः तेच चित्र मोठं करून बघायला लागला.

"आपल्याकडं असलं कोण बनवत नाही का?" अप्पांनी विचारलं.

"बनवतात की. पुण्यात बनवतात. इंडस म्हणून आहे, मागच्या ऑक्टोबरला आलाय, मोबाइलवर."

पुण्याचं नाव निघालं तसं अप्पांनी बटण सोडलं आणि जेवायला काय आहे विचारलं.

रात्री गच्चीवर मी भाच्याला विचारलं, तुला हे सगळं खोटं माहितीय, मग बघतोस कशाला? तो म्हणाला, "मामा, ट्रेलरमध्ये पिंग नसतो." आपण इथं बटण दाबलं ही बातमी सर्व्हरपर्यंत, म्हणजे सगळ्यांचा खेळ चालवणाऱ्या लांबच्या कॉम्प्युटरपर्यंत, जाऊन परत यायला जो वेळ लागतो तो पिंग. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात मोजतात. तो वाढला की आपण भिंतीआड पोचलेलो असतो आणि सर्व्हरच्या लेखी अजून रस्त्यातच. ट्रेलरमध्ये नेट जात नाही, लाइट जात नाही, चार दिवसांनी आलेलं पाणी भरायला कुणी मधेच हाक मारत नाही. सगळे आपापली कामं करतात. इंजिनीअर रणगाडाच दुरुस्त करतो, कोपऱ्यात दबा धरून बसत नाही. माइकवर कुणी कुणाची आई-बहीण काढत नाही.

मला २०२० आठवलं. २ सप्टेंबरला सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी होतं. हा तेव्हा नववीत. घरात सुतक पडल्यासारखा दोन दिवस नीट जेवला नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी समोर ठेवली तरी बघेना, तेव्हा ताई घाबरलीच. पुढच्या जुलैत तोच खेळ नाव बदलून आला आणि ताईनं कपाळावर हात मारला.

९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा. आमच्या पूर्व भागात त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. ताई राखीला आली होती. नेमकं त्याच दिवशी खेळाचं चाचणीचं रूप सगळ्यांसाठी खुलं झालं, दोन दिवस, फुकट. भाच्यानं आदल्या रात्रीच उतरवून ठेवलं होतं. दुपारी चालू केलं तर कॉम्प्युटरवर एक पाटी: सिक्युअर बूट चालू करा. हा कॉम्प्युटर सुरू होतानाचा पहारा. खेळात लबाडी करणारे शिरू नयेत म्हणून ही अट. आणि आमचा कॉम्प्युटर म्हणजे तीन ठिकाणांहून सुटे भाग आणून जोडलेला. त्यात ते बंद, आणि चालू करायचं तर आधी डिस्कची मांडणी बदला. बाहेर ढोल-लेझीम, गल्लीत गर्दी, अप्पा धुतलेलं धोतर नेसून दारात उभे, आणि आत हा काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं वाचत बसलेला. ताईनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ती आत जाऊन त्याला कॉलरला धरून ओढत बाहेर घेऊन आली.

"शिलाई बघा," अप्पा म्हणाले.

खेळ लागला रात्री साडेदहाला. आम्ही सगळे मागं उभे. मैदान कैरोचं. पिवळ्या भिंती, अरुंद गल्ल्या, धूळ. पोरगं एका दारातून बाहेर पडलं, डावीकडं वळलं, चार पावलं पळालं आणि पडलं. मोजून अकरा सेकंद. त्याला ओढून न्यायला कुणी आलं नाही. सगळे पुढं पळून गेले होते.

ताई म्हणाली, "एवढंच?"

भाच्यानं उत्तर दिलं नाही. खेळ तसाच ठेवून त्यानं दुसऱ्या खिडकीत ट्रेलर उघडला, मागं नेला, थांबवला. टक. टक. टक.

"मामा, बघ. ही खिडकी. इथूनच मारलं मला. तेव्हाच दिसत होती की रे."

अप्पांनी खुर्ची ओढली.