‘मेटा’ दाबली म्हणजे नेमके काय दाबले?

जर्मनीतल्या एका ग्राहकाच्या कार्यालयातून आलेली तक्रार एका ओळीची होती: ई-मेलचा पत्ता लिहिताना मध्येच प्रोग्रॅम बंद होतो आणि भरलेली माहिती जाते. पुण्यात बसून आम्ही ज्या सॉफ्टवेअरची देखभाल करतो ते नोंदणीचे अर्ज भरण्यासाठी वापरले जाते, त्यामुळे प्रत्येक अर्जात ई-मेलचा पत्ता येतोच. अर्धा अर्ज भरून झाल्यावर समोरची खिडकीच नाहीशी झाली की माणूस किती वैतागतो, हे वेगळे सांगायला नको. त्याच कार्यालयाची आणखी एक तक्रार, युरोचे चिन्ह उमटत नाही अशी, आधीपासून यादीत होती. ती किरकोळ समजून मागे ठेवलेली होती.

त्या दिवशी सकाळी माझ्या हातात होता तो फक्त लॉग, म्हणजे प्रोग्रॅम आपोआप लिहून ठेवतो ती नोंदवही. गोपनीयतेच्या कारणाने आमचा प्रोग्रॅम कोणते अक्षर टाइप झाले हे नोंदवत नाही. शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या, दुसऱ्या कळेबरोबर दाबायच्या मॉडिफायर कळा दाबल्या गेल्या तर तेवढ्याच लिहून ठेवतो. प्रत्येक वेळी प्रोग्रॅम बंद होण्यापूर्वीची शेवटची ओळ एकच होती: ‘मेटा, उजवी’.

आमच्या गटातल्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्यांनी ती ओळ पाहिली आणि क्षणाचाही विचार न करता सांगितले की मेटा म्हणजे ऑल्ट. ते वर्षानुवर्षे ईमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा जुना संपादक-प्रोग्रॅम वापरत आले आहेत आणि त्या संपादकाच्या जगात हे खरेच आहे. मेटा ही कळ मुळात स्टॅनफर्ड आणि एमआयटी इथल्या १९७० च्या दशकातल्या कीबोर्डांवरची. टॉम नाइट यांनी एमआयटीच्या लिस्प यंत्रांसाठी (लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालवायला बनवलेले संगणक) १९७८ मध्ये तयार केलेल्या, ‘स्पेस-कॅडेट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कीबोर्डवर तर कंट्रोल, मेटा, सुपर आणि हायपर अशा चार वेगवेगळ्या कळा होत्या. पुढे आयबीएमचा पीसी आला, त्यावर कंट्रोल आणि ऑल्ट एवढेच उरले, आणि ईमॅक्सवाल्यांनी मेटाचे काम ऑल्टकडे सोपवले. कळ गेली, नाव राहिले.

ग्राहकाच्या तक्रारीतही ‘आम्ही ऑल्ट-जीआर दाबतो’ असेच लिहिलेले होते. जर्मन कीबोर्डवर स्पेसबारच्या उजवीकडे ऑल्ट-जीआर ही कळ असते आणि ती क्यूबरोबर दाबली की ई-मेलच्या पत्त्यातले ‘ॲट’ (@) चिन्ह उमटते. लॉग ऑल्ट म्हणतो आहे, ग्राहकही ऑल्ट म्हणतो आहे, म्हणजे सगळे जुळले, असे आम्हा सगळ्यांना वाटले. विंडोज मात्र ऑल्ट-जीआर दाबल्यावर आतून कंट्रोल आणि उजवी ऑल्ट अशा दोन कळा दाबल्याचे कळवते, आणि लॉगमध्ये कंट्रोलचा मागमूस नव्हता. मग कंट्रोलचा अर्धा भाग कुठे हरवतो याचा शोध सुरू झाला आणि सकाळ त्यातच गेली. कीबोर्डचा लेआउट जर्मन करून मी विंडोजच्या यंत्रावर तेच पुन्हा पुन्हा करून पाहत होते. ‘ॲट’ बिनतक्रार उमटत होते, प्रोग्रॅम शांतपणे चालू होता.

मला खटकत होते ते वेगळेच. ज्या वेब तंत्रावर आमचा प्रोग्रॅम उभा आहे, त्याच्या प्रमाणकात ऑल्टला ऑल्टच म्हणतात; तिथे मेटा म्हणजे विंडोजच्या चिन्हाची कळ किंवा मॅकवरची कमांड. हीच विंडोज कळ, जी मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये आपल्या नॅचरल कीबोर्डवर आणली, तिला लिनक्सवर ग्नोम आणि केडीई या दोन डेस्कटॉपांपैकी ग्नोमवाले सुपर म्हणतात आणि केडीईवाले मेटा. एकाच खोलीतले तीन अभियंते एकच शब्द उच्चारून तीन निरनिराळ्या कळांबद्दल बोलू शकतात, आणि कोणीही चुकलेला नसतो! असल्या शब्दावर निदान उभारायचे नाही, असे मी ठरवले.

दुपारी साडेबाराला, म्हणजे तिकडच्या सकाळी नऊला, आम्ही फोन लावला. माझी मैत्रीण मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेली आहे, त्यामुळे बोलणे तिच्याकडे होते. पलीकडच्या बाई कंट्रोलला ‘श्टॉयरुंग’ म्हणत होत्या, कारण तिकडच्या कळेवर त्याच शब्दाची चार अक्षरे छापलेली असतात. मी तिला चिठ्ठीवर लिहून दिले: कळेचे नाव विचारू नकोस, जागा विचार, स्पेसबारपासून उजवीकडे मोजायला सांग आणि त्यावर काय छापले आहे ते बघून सांगायला सांग. बाईंना हा प्रश्न जरा पोरकट वाटला असावा, पण त्यांनी खाली पाहिले. मैत्रिणीने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली.

“अगं, त्या म्हणतायत, स्पेसबारला लागून जे बटण आहे त्यावर चार पाकळ्यांच्या फुलासारखं काहीतरी आहे. ऑल्ट त्याच्या पुढे आहे.”

पुढे काही विचारायची गरज उरली नाही. ते फूल म्हणजे कमांडचे चिन्ह. सुझन केअर यांनी ते १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी निवडले. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळांच्या फलकांवर ते दिसते. कार्यालयात नुकतेच मॅक आले होते, आमच्या नोंदीत मात्र अजून विंडोजच होते. वर्षांची सवय असलेला अंगठा न बघता स्पेसबारच्या उजवीकडे पडत होता, जिथे पूर्वी ऑल्ट-जीआर होती तिथे आता कमांड होती, आणि कमांडबरोबर क्यू दाबले की मॅकवर प्रोग्रॅम बंद होतो. यंत्र सांगितलेलेच करत होते. युरोसाठी त्या ऑल्ट-जीआर समजून कमांड आणि ई दाबत होत्या, त्याने आमच्या प्रोग्रॅममध्ये काहीच घडत नसे. म्हणजे दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते. बिनमहत्त्वाची ठरवलेली तक्रार आधी उघडली असती तर सकाळ वाचली असती.

हे त्यांच्या इतर प्रोग्रॅममध्ये का होत नव्हते, असे माझ्या वरिष्ठांनी विचारले. होत होतेच, पण ई-मेल पाठवताना पत्ते यादीतून निवडले जातात, त्यामुळे ‘ॲट’ हाताने लिहायची वेळ क्वचित येते, आणि मॅकवरचे बरेच प्रोग्रॅम बंद होताना मजकूर आपोआप जतन करतात. नुकसान दिसत होते ते फक्त आमच्याकडे. तेव्हा दोष अंगठ्यावर टाकून मोकळे होणे मला पटले नाही. अर्धवट अर्ज असताना न विचारता बंद होणारा प्रोग्रॅम विंडोजवरही वाईटच.

बाईंना आम्ही सांगितले की मॅकच्या जर्मन लेआउटमध्ये ‘ॲट’साठी ऑप्शन आणि एल दाबायचे, युरोसाठी ऑप्शन आणि ई, आणि ऑप्शन म्हणजे त्यांच्या कीबोर्डवरची ऑल्टच. यावर त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि मग, मैत्रिणीच्या म्हणण्यानुसार, जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटल्या ज्याचे भाषांतर तिने मला करून दिले नाही. तिकडच्या यंत्रणा-प्रशासकाने मात्र व्यवहारी तोडगा काढला: मॅकच्या सेटिंगमध्ये मेन्यूतल्या कोणत्याही आज्ञेला वेगळा शॉर्टकट देता येतो, त्याचा उपयोग करून त्याने आमच्या प्रोग्रॅमपुरता ‘बंद करा’चा शॉर्टकट बदलला. पुढच्या आवृत्तीत आम्ही अर्ज अर्धवट असेल तर आधी विचारण्याची सोय केली आणि लॉगमध्ये ‘मेटा’ हा शब्द काढून टाकला. आता तिथे यंत्रणेचे नाव आणि त्या यंत्रणेवर कळेवर जे छापलेले असते ते लिहिले जाते. लिनक्सच्या रकान्यात काय लिहायचे यावर आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही.