डॉलरचे तुकडे
आज सुट्टी, कपडे धुवायचे होते पण अख्खी दुपार कॅरिबियन बेटांवरच्या जुन्या नाण्यांचे फोटो बघण्यात गेली. तिकडं सुट्ट्या पैशांची एवढी बोंब की स्पेनचा 8 रियालचा चांदीचा डॉलर सरळ कापायचे, तुकड्यावर शिक्का मारायचे, झालं चलन! ग्वादलूप बेटावर 1811 ला इंग्रजांनी मधोमध चौकोनी भोक पाडलं, भोकवालं नाणं 9 लिव्हरला (जुनं फ्रेंच चलन) आणि भोकातून निघालेला तुकडा 20 सूला (20 सू म्हणजे 1 लिव्हर), म्हणजे भोकाचेपण पैसे 😄 काही डोकेबाज तर एका नाण्याचे चार ऐवजी पाच "पाव" पाडायचे. पण मला सगळ्यात भारी वाटलं ते टॉर्टोलाचं, काही तुकड्यांवर बेटाचं नावच चुकलंय, टिर्टिला! कपडे अजून बादलीतच आहेत.