लवंग कोणत्या ट्यूबमध्ये?

मे महिना, नागपूर, बाहेर 45 आणि लॅबचा एसी दुपारी दोनलाच बसलेला. कोणीतरी कूलर आणून लावला तर अख्ख्या खोलीत खसचा वास, आणि मला नेमकी त्याच दिवशी वासाचीच टेस्ट करायची होती.

बिअरचं यीस्ट म्हणजे विरजणासारखं प्रकरण. आधीच्या बॅचमधलं काढून पुढच्या बॅचला लावायचं, असं शेकडो वर्षं चाललं, मग त्याला जोडीदार शोधायची गरजच काय? बऱ्याच स्ट्रेन (वाण) आता स्पोर, म्हणजे जोडीदाराशी जुळणारे बीजाणू, बनवायलाच विसरल्यात. 2016 मध्ये बेल्जियमवाल्यांनी 157 स्ट्रेनचा जीनोम वाचला तेव्हा हेच दिसलं, आणि लवंगेसारखा वास आणणारे जीनही बऱ्याच बिअर स्ट्रेनमध्ये मोडलेले, कारण ब्रुअरला तो वास नको असायचा (जर्मन व्हीट बिअर सोडून, तिथं तो हवाच).

आम्ही अशाच एका एल (ale, बिअरचा एक प्रकार) स्ट्रेनचं लग्न मोहफुलांवरच्या जंगली यीस्टशी लावलं होतं. हायब्रिडला पोटॅशियम अॅसिटेटवर पाच दिवस उपाशी ठेवलं की एकेका पेशीची पिशवी होऊन तिच्यात चार स्पोर तयार होतात, ते काचेच्या बारीक सुईने एकेक करून वेगळे करायचे, मानेची पार वाट लागते. बाराएक पिशव्या फोडल्या, बहुतेकांतले स्पोर मेले, एकाच पिशवीतली चारही भावंडं जगली. चौघांना फेरुलिक अॅसिड (ते जीन शाबूत असले की यीस्ट यापासूनच लवंगेचा वास बनवतं) घातलेल्या ट्यूबमध्ये वाढवलं.

झाकण उघडून हुंगलं तर मला नुसता खस! शेवटी आमच्या अटेंडंट भाऊंना बोलावलं, ते संध्याकाळी एका सावजी भोजनालयात मसाला भाजतात. नंबर झाकून एकेक ट्यूब दिली.

"यात काही नाही जी."

"हे लवंग."

"हे... केळं पिकल्यावानी."

"हे बी लवंगच, पण जुनी, डब्यात राहिलेली."

दोघांत लवंग, दोघांत नाही, दोन-दोन! लवंगेला लागणारे दोन जीन शेजारीशेजारी असतात म्हणून जोडीनेच वाटले जातात, बाकी केळं वगैरेचं मात्र पत्त्यासारखं पिसलं गेलेलं. तीन नंबर तळाला गुठळी करून बसलेलं, एक नंबर तसंच गढूळ. एकाच पिशवीतली चार, आणि चौघांची चार तऱ्हा.

सरांना बिनलवंगेचं हवं होतं, म्हणून तीन नंबर पुढे पाठवलं, बाकी टाकायला घेतले तर भाऊ म्हणाले, "मॅडम, दोन नंबर काहून फेकता, वास तं चांगला हाये!"

दोन नंबर सध्या उणे 80 च्या फ्रीजरमध्ये आहे, लेबलवर 'सावजी'.