अभ्यासक्रमातून काय काढायचं?

पहिल्याच बैठकीत आम्ही फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे नव्याने घ्यायचं ते, उजवीकडे काढायचं ते. तासाभरात डावीकडे जागा उरली नाही. लिथियम-आयन बॅटरी, हरित रसायनशास्त्र, क्लिक रसायनशास्त्र (रेणूंचे तुकडे झटकन आणि खात्रीने जोडण्याच्या पद्धती), संगणकावर रेणूंची गणितं करणं, जे ते आपापल्या आवडीचं सांगत होतं. उजवीकडे एक ओळ लिहिली गेली आणि बैठक संपायच्या आत ती कुणीतरी पुसलीही.

मी रसायनशास्त्र शिकवते. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर नेमणूक झाली आणि पदवीचा अभ्यासक्रम नवा करण्याचं काम आमच्याकडे आलं. एका विषयाच्या तासिका ६०. त्यात वाढ होणार नव्हती. म्हणजे १० तासिकांचं नवं काही घ्यायचं तर १० तासिकांचं जुनं जायला हवं. हा हिशोब सगळ्यांना मान्य होता, पण आपल्या स्वतःच्या प्रकरणाला हात लागला की आवाज चढायचा.

काही बदल सोपे होते. पदार्थाचं प्रमाण मोजण्याच्या मोल या एककाची व्याख्या हा त्यातलाच एक. २० मे २०१९ पासून ती बदलली आहे. आधी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंच्या संख्येवर टेकलेली होती. आता ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात एवढे कण म्हणजे एक मोल, इतकी थेट. अभ्यासक्रमात एका ओळीचा बदल. पण प्रश्नपेढी उघडली तर नमुना उत्तरात अजून कार्बन-१२ च होता, आणि नवी व्याख्या लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा गुण कापला गेला असता. तेव्हापासून आम्ही नियम केला: ओळ बदलली की त्या ओळीवरचे प्रश्न आणि नमुना उत्तरं त्याच दिवशी बदलायची.

आवर्तसारणीचंही तसंच. २०१६ मध्ये ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांना नावं मिळाली आणि सातवी ओळ पूर्ण झाली. भिंतीवरचा तक्ता बदलला, झालं.

सल्फर हेक्साफ्लोराइडवर मात्र दोन बैठका गेल्या. त्यातले सहा बंध समजावायला आपण वर्षानुवर्षं एसपी-थ्री-डी-टू संकरण शिकवत आलो, म्हणजे सल्फरचे एस, पी आणि डी कक्षक (इलेक्ट्रॉनच्या जागा) मिसळून सहा सारखे कक्षक होतात अशी मांडणी. गणनांमधून दिसतं ते असं, की सल्फरच्या डी-कक्षकांचा त्या बंधांतला वाटा फार थोडा आहे. माझं म्हणणं होतं की जे खरं नाही ते सोपं आहे म्हणून शिकवू नये. एका सहकाऱ्यांनी विचारलं, “मॅडम, पुढच्या प्रवेशपरीक्षेत हाच प्रश्न आला तर मुलांनी काय लिहायचं?” प्रश्न रास्त होता. शेवटी रेणूचा आकार इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या प्रतिकर्षणावरून शिकवायचा आणि संकरणाची जुनी मांडणी तिच्या मर्यादेसह एका तासिकेत सांगायची, असं ठरलं. हा तह आहे आणि मला तो अजून पुरता पटलेला नाही.

खरा वाद झाला तो प्रात्यक्षिकांवर. सॉल्ट अॅनालिसिसमध्ये, म्हणजे क्षारात कोणते आयन आहेत ते ओळखण्याच्या प्रयोगात, धातूंचा दुसरा गट (तांबं, कॅडमियम वगैरे) द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडून ओळखतात. हा वायू विषारी आहे, आणि त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं, म्हणून तो जास्तच घातक. तो काढावा असं मी सुचवलं. असेंद्रिय रसायनशास्त्र शिकवणारे आमचे ज्येष्ठ सर शांतपणे म्हणाले, “काढा. पण त्या परीक्षानळीत मुलगा नेमकं काय शिकतो ते आधी मला सांगा.”

मला लगेच सांगता आलं नाही. सरांनीच मग खडू घेतला. आम्ल घातलं की सल्फाइड आयन कमी होतात, म्हणून ज्यांची सल्फाइडं अगदी कमी विरघळतात ते तांबं आणि कॅडमियमच खाली बसतात, जस्त आणि मँगनीज द्रावणात राहतात. पुढे अमोनियाने माध्यम अल्कधर्मी केलं की तेही अवक्षेपित होतात. समआयन परिणाम (द्रावणातलाच आयन आणखी घातला की समतोल मागे सरकतो) आणि विद्राव्यता गुणाकार (आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार ठराविक मर्यादेपुढे गेला की क्षार खाली बसतो) या दोन्ही गोष्टी मुलं तिथे डोळ्यांनी बघतात. सर वायूसाठी भांडत नव्हते, त्या विचारासाठी भांडत होते. हे कळल्यावर आमच्या बैठकांचा सूरच पालटला. “हे ठेवायचं की काढायचं” हा प्रश्न मागे पडला आणि “यातून काय मिळतं, ते दुसरीकडे कुठे मिळेल” हे आम्ही विचारायला लागलो.

पर्यायही सरांनीच आणला. क्लोराइड आणि आयोडाइडचं मिश्रण घ्यायचं, ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडायचं आणि विभवमापन करत, म्हणजे इलेक्ट्रोडचं विभव (व्होल्टेज) मोजत जायचं. सिल्व्हर आयोडाइड कितीतरी कमी विरघळतं, म्हणून ते आधी खाली बसतं. आलेखावर एक उडी दिसते, मग काही वेळाने दुसरी. तोच विद्राव्यता गुणाकार, पण आता हातात आकडे. तोच आलेख मुलांनी संगणकावर काढायचा आणि उडीचा नेमका बिंदू शोधायचा. संगणकासाठी वेगळा विषय मागत होतो, त्याची सुरुवात अशी प्रयोगशाळेतच झाली.

यानंतर आम्ही प्रत्येक घटकापुढे दोन रकाने केले: याला आधी काय यायला हवं आणि हे पुढे कुठे लागतं. कंटाळवाणं काम होतं, पण सगळ्यात मोठी चूक त्यातूनच सापडली. तिसऱ्या सत्रात आम्ही अभिक्रियांचा वेग आणि पुंजयांत्रिकी शिकवतो. दोन्हींना अवकल समीकरणं (एखादी राशी कशी बदलत जाते ते सांगणारी) लागतात. गणित विभागाने ती आधीच्या बदलात दुसऱ्या सत्रातून चौथ्यात नेली होती आणि आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. वर्गात मुलं अंतिम सूत्र पाठ का करतात म्हणून मी चिडायची. त्यांच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. गणित विभागाशी बोलून पाहिलं, त्यांचं वेळापत्रक हलण्यासारखं नव्हतं. मग आम्हीच चार तासिका काढून चल वेगळे करून समीकरण सोडवणं पहिल्यांदा शिकवायचं ठरवलं, तेही प्रथम कोटीच्या अभिक्रियेचं उदाहरण घेऊन.

फाइल विद्या परिषदेकडे गेली आणि परत आली. विज्ञानाबद्दल एकही शंका नव्हती. जुन्या अभ्यासक्रमातले विषय राहिलेल्या विद्यार्थ्यांचं काय, एवढाच शेरा होता. समकक्षतेचा तक्ता आम्ही केलाच नव्हता. जुना कुठला विषय नव्या कुठल्या विषयाच्या जागी धरायचा, कुणाची परीक्षा जुन्याच प्रश्नपत्रिकेवर आणि किती वेळा, हे लिहून काढायला तीन आठवडे गेले. ज्यांचं वर्ष अडकतं त्यांच्यासाठी सगळ्या अभ्यासक्रमापेक्षा तो एक कागद महत्त्वाचा असतो. कुणी हे काम हातात घेणार असेल तर हा तक्ता पहिल्या महिन्यातच करायला घ्या.

दुसऱ्या खेपेला मंजुरी मिळाली. डावीकडच्या यादीतलं निम्मंही आत आलं नाही. क्लिक रसायनशास्त्र ऐच्छिक विषयात एका घटकापुरतं आहे. बॅटरी विद्युत-रसायनशास्त्रात गेली, डॅनियल घटाच्या (जस्त आणि तांब्याच्या जुन्या विद्युत घटाच्या) लगेच पुढे, आणि तिथे ती छान बसली.

आता नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी तिसऱ्या सत्रात आहे. आणि परवा गणित विभागातून फोन आला. सदिशांचा एक घटक पुढच्या सत्रात न्यायचा विचार आहे, तुमच्याकडे तो कुठे लागतो का, असं त्यांनी विचारलं. मी रकाने काढून बघितले. लागतो, पाचव्या सत्रात, स्फटिकरचनेला. न्यायला हरकत नाही, असं त्यांना कळवलं.