शिसवी पोळपाट

आजीचा पोळपाट एका हातानं उचलायला गेलं की मनगट कुरकुरतं. आजी बेळगावजवळच्या जांबोटीकडची, 'माझ्या लग्नातला' एवढीच तिनं सांगितलेली त्याची कुळकथा. बाजारातला हलका पोळपाट लाटता लाटता पोळीबरोबर ओटाभर फिरून येतो, हा मात्र जागचा हलत नाही. गेल्या वर्षी त्याच्या एका पायाचा टवका उडाला, म्हणून खानापूरच्या सुतारमामांकडे नेला.

मामांनी तो आधी हातात तोलला. "शिसव हाय की ओ ताई! पटाशीची धार खातंय हे लाकूड." मग माझ्याकडे बघून, "झाड बघितलंय काय कधी?"

नव्हतं बघितलं. शिसवी पलंग, शिसवी देव्हारा, काळ्यासावळ्या माणसाचा शिसवी रंग, हे सगळं ऐकत वाढले, पण झाड? पुढे कणकुंबीला गेलो तेव्हा मावसदिरांनी रस्त्याकडेचं एक झाड दाखवलं. खरं सांगू, हिरमुसलेच. करडी, पापुद्रे सुटलेली साल, रुपयासारखी गोलसर पानं, फांद्यांना वाळक्या चपट्या शेंगा. शिसव पावट्या-घेवड्याच्या गणगोतातलं, हे त्या शेंगा बघून पटतं. पण काळं काही दिसेना. मी साल निरखतेय बघून दीर म्हणाले, "बाहेर काय बघूलायसा? काळं सगळं आत."

काळा असतो तो गाभा. पाणी वाहून नेणारं बाहेरचं लाकूड फिकट, पिवळसर. आत जांभळट तपकिरी रंगावर काळ्या रेघा. गाभ्यातल्या पेशी केव्हाच मेलेल्या असतात. म्हणजे झाडाचा जो भाग कामावर आहे तो सुतार तासून टाकतो आणि निवृत्त झालेल्याला सोन्याचा भाव! म्हैसूरचे कारागीर याच लाकडात नक्षी जडवतात.

कन्नडमध्ये याला बीटे म्हणतात. आमच्याकडे, मराठी-कन्नडच्या सीमेवर, झाडालाही दोन नावं असायचीच. नाव कुठलंही घ्या, आपल्या रानातलं असलं तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. २०१७ पासून तर शिसवाच्या अख्ख्या घराण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. शिसवी लाकडाच्या गिटारी करणाऱ्यांची पंचाईत झाली, त्यांनी ओरडा केला, आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. पोळपाटासाठी कोण भांडणार म्हणा.

मामांनी एका मोडक्या पलंगाचा तुकडा शोधून पाय जोडून दिला. जुन्याशेजारी तो लालसर दिसत होता. मी तोंड वाकडं केलेलं त्यांना दिसलं असावं. "तेलाचा हात फिरवत जावा. होतंय काळं."

वर्ष झालं. अजून लालसरच आहे. तो पाय मी भिंतीकडे करून ठेवते, आणि सासूबाई पोळ्या लाटायला बसल्या की फिरवून पुढे घेतात.